पॅच नाकारला, म्हणजे कंपनीने डाव साधला का?

गैरसमज : ओपन सोर्स म्हणजे हौशी मंडळींनी फावल्या वेळात केलेलं काम.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाबतीत हे चित्र केव्हाच बदललं. त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक काम पगारी प्रोग्रामर करतात, अशी नोंद लिनक्स फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालात आहे. इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या हे पगार देतात. स्वयंसेवक आजही आहेत, पण त्यांचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तपासून स्वीकारणारा किंवा नाकारणारा मेंटेनर बहुधा कुठल्या ना कुठल्या कंपनीत नोकरीला असतो. स्वयंसेवकाला मेंटेनरच्या शंकांना उत्तर लिहायला रात्रीचे दोन तास मिळतात, मेंटेनरचं ते दिवसभराचं कामच असतं.

गैरसमज : कंपनीचा माणूस बाहेरच्याचा पॅच अडवतो तो कंपनीच्या फायद्यासाठीच.

कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. रुग्णालयातलं काम सांभाळून ते कर्नलचा शेड्युलर, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर केव्हा द्यायचा हे ठरवणारा भाग, सुधारत होते. घरच्या साध्या संगणकावर माउस अडखळू नये, गाणं तुटू नये, हा त्यांचा ध्यास होता. प्रत्येक प्रोग्रामला न्याय्य वाटा देणारा शेड्युलर चालू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं. एप्रिल २००७मध्ये रेड हॅटच्या इंगो मोल्नार यांनी त्याच विचारावर स्वतःचा शेड्युलर लिहिला, कोलिवास यांना जाहीर श्रेयही दिलं. कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा. कोलिवास कर्नलचं काम सोडून निघून गेले.

यात कट नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कारण उघडपणे सांगितलं होतं : पुढे तक्रारी आल्या तर त्या निस्तरण्याबाबत त्यांचा मोल्नार यांच्यावर जास्त भरवसा होता. कारण रास्त आहे. एकदा घेतलेलं कोड वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं आणि लिहिणारा गायब झाला तर ओझं मेंटेनरच्याच गळ्यात पडतं. पण ही हमी सहज देऊ शकतो कोण? ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो तो. कुणाच्याही मनात खोट नसताना निकष पगारदाराच्या बाजूला झुकतो, आणि मला खरा प्रश्न इथे दिसतो. मोठ्या सर्व्हरच्या गरजांपुढे घरच्या संगणकाकडे दुर्लक्ष होतं, ही कोलिवास यांची तक्रारही म्हणूनच नुसता रुसवा म्हणून झटकता येत नाही.

गैरसमज : पटत नसेल तर फोर्क करावा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरावी; परवाना मोकळाच आहे.

हक्क आहे, मनुष्यबळ नसतं. २००९मध्ये कोलिवास नवा शेड्युलर घेऊन परतले आणि तो कर्नलबाहेरच ठेवला. नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं. दरवेळी पॅच पुन्हा जुळवून घ्यायचा. २०२१मध्ये त्यांनी हे थांबवलं. उलट २०२३मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला, तेव्हा निघालेला ओपनटोफू हा फोर्क तगला. त्याच्यामागेही कंपन्याच उभ्या राहिल्या होत्या.

गैरसमज : तपासणारी बाजू नेहमी कंपनीची असते.

लिबएक्सएमएल२ ही लायब्ररी बड्या कंपन्यांच्या उत्पादनांत वापरली जाते. तिचा मेंटेनर मात्र बिनपगारी काम करत होता. सुरक्षेतल्या त्रुटींचे अहवाल येत, मुदत पाळण्याची अपेक्षा असे, आणि दर आठवड्याला त्याचे कित्येक तास त्यात जात. जून २०२५मध्ये त्याने जाहीर केलं : सुरक्षेच्या त्रुटींना यापुढे वेगळी वागणूक नाही, दुरुस्तीपर्यंत त्या गुप्त ठेवण्याची मुदत नाही, इतर कुठल्याही बगसारख्याच त्या सर्वांसमोर येतील आणि वेळ मिळेल तेव्हा दुरुस्त होतील.