चूल पेटवण्याआधी: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर एक रस्ता गोव्याकडे निघतो, एक पुण्याकडे जातो आणि एक न्हावा-शेवा बंदराकडे वळतो. या वर्दळीतून थोडं आत, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्या-पाड्यांकडे गेलं की मागच्या पडवीत चूल दिसतेच. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत सिलिंडर आला. तरीही अंघोळीचं पाणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि सणाचा मोठा स्वयंपाक अनेकांकडे आजही चुलीवरच होतो. नव्या शेतघरांतही हौसेने चूल मांडली जाते. चूल राहणार असेल, तर तिची निगा राखायला शिकलंच पाहिजे. त्या वाटेत हे गैरसमज आड येतात.

गैरसमज १: आमच्या आजीचा जन्म धुरात गेला, तिला काही झालं नाही.

वस्तुस्थिती: धुराने दमा बळावतो, फुप्फुसं निकामी होत जातात, मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि लहान मुलांना न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती. शिवाय आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून आणि भिंत-छपरामधल्या मोकळ्या जागेतून धूर वर निघून जाई. आता स्लॅब पडला, खिडक्यांना काचा बसल्या, पण चूल तीच राहिली. स्लॅबच्या घरात धुराडं नसेल, तर चुलीची जागा पडवीत किंवा अंगणातल्या आडोशाला.

गैरसमज २: धूर नाही, नुसते निखारे आहेत, मग भीती कसली?

वस्तुस्थिती: सगळ्यांत घातक समज हाच. रसरसलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेकशेगडीबाबत इथे विशेष जपायला हवं. ‘वारा लागेल’ म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वर ओवा-शेपांची धुरी द्यायची. त्या बंद हवेत आई आणि तान्हं बाळ दोघंही श्वास घेत असतात. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. बंद न्हाणीघरात पेटवलेल्या बंबाचा धोकाही हाच. बंब उघड्यावर पेटवावा आणि पाणी आत न्यावं. शेगडी किंवा बंबाजवळ कुणाला भोवळ आली, तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा.

गैरसमज ३: ओलसर लाकूड सावकाश जळतं, म्हणून पुरवठ्याला येतं.

वस्तुस्थिती: नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे दहा किलोच्या ओल्या मोळीत चार-पाच लिटर पाणी. तुमचं आधण तापण्याआधी जाळाला हे पाणी उकळून घालवावं लागतं. उष्णता त्यात जाते आणि अर्धवट जळण्याने धूर वाढतो. लाकूड वाळलं की नाही ते हातानेच कळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द आवाज करतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, साल सुटू लागते आणि ते हातात हलकं लागतं.

गैरसमज ४: लाकूड ते लाकूड, काहीही चुलीत घालावं.

वस्तुस्थिती: पनवेल परिसरात बांधकामं आणि गोदामं वाढली, तशा सेंटरिंगच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे आणि मोडक्या पॅलेट फुकटात मिळू लागल्या. प्लायवूडमधला डिंक आणि फळीवरचा रंग जळला की विषारी वायू सुटतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ‘एमबी’चा शिक्का असलेलं किंवा रंगवलेलं लाकूड चुलीत घालू नये. प्लास्टिकची पिशवी पेटवणासाठी वापरणंही सोडावं.

गैरसमज ५: जास्त लाकडं कोंबली की जास्त आच मिळते.

वस्तुस्थिती: जाळाला लाकडाइतकीच हवा लागते. चुलीचं तोंड लाकडांनी बुजलं की आतली हवा संपते आणि धूर घरात येतो. बारीक फोडलेली दोन-तीन लाकडं घाला, त्यांची टोकंच जळू द्या आणि जळतील तशी आत सरकवा. खालची राख रोज काढली तर हवा खालूनही खेळते. पेटत्या निखाऱ्यांवर रॉकेल, डिझेल किंवा थिनर तर कधीच ओतू नये. त्याची वाफ भडकते आणि जाळ ओतणाऱ्याच्या अंगावर येतो.

गैरसमज ६: धुराडं बसवलं की काम झालं.

वस्तुस्थिती: १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ मध्ये गुंडाळला गेला. पुढे अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात धुराड्याच्या चुलींचा काही वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर घटला. नंतर चुली फुटल्या, साफसफाई आणि दुरुस्ती झाली नाही, वापर कमी झाला आणि फायदा ओसरला. चुलीचं यश पहिल्या दिवशी ठरत नाही, निगेवर ठरतं. धुराड्यात काजळीचा डांबरासारखा थर साचतो. तो धूर अडवतो आणि स्वतःही पेट घेऊ शकतो. लांब काठीला नारळाच्या सोडणाचा बोळा बांधून नळी महिन्यातून एकदा, चूल पूर्ण गार असताना झाडावी. चुलीला गेलेले तडे माती-शेणाने लिंपावेत.

गैरसमज ७: वर राख आली, म्हणजे विस्तव विझला.

वस्तुस्थिती: काडेपेटी जपून वापरण्याच्या काळात बायका रात्री निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्याच्यावरच चूल पेटवत. राख निखाऱ्याची धग रात्रभर धरून ठेवते. तीच राख प्लास्टिकच्या बादलीत भरली किंवा भाताच्या पेंढ्याजवळ ओतली, तर आग लागते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, पाणी शिंपडावं आणि दुसऱ्या दिवशीच टाकावी. तरीही कुणाला भाजलंच, तर टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा आणि मग डॉक्टरांकडे जावं.

आगोटीची तयारी करताना मे महिन्यातच तीन कामं उरकावीत: लाकूड फोडून, वाळवून जमिनीपासून उंच आणि छपराखाली रचावं, धुराडं झाडून त्याच्या तोंडावर पावसाची टोपी बसवावी, चूल लिंपून घ्यावी. पावसाळ्यात दारं बंद राहतात आणि लाकडं ओलावतात, म्हणून धूर सर्वांत जास्त तेव्हाच कोंडतो. ही कामं चुलीपुढे बसणाऱ्या बाईवरच सोडू नयेत. तिने रांधलेलं सगळं घर जेवतं, तेव्हा तिच्या श्वासाची काळजीही सगळ्या घरानेच घ्यायला हवी.