कमरेखालचा वार

खानदेशांत शब्दांची चौकशी करणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवानें धुळ्यास १९२७ सालीं जें संशोधन मंडळ स्थापन झालें, त्यानें त्यांचा धातुकोश प्रसिद्ध केला. आणि एकेका मराठी शब्दाचें मूळ शोधण्यांत त्या पुरुषानें केवढे श्रम वेंचले होते तें लोकांस दिसून आलें. माझी आजची चौकशी त्या मानानें अगदींच किरकोळ आहे. शब्द आपला नव्हे, इंग्रजीचा. आणि तोहि ग्रंथांतला नव्हे, मुष्टियुद्धाच्या रिंगणांतला. तथापि तो आतां आपल्या वर्तमानपत्रांत, सभांत आणि घरांत येऊन बसला आहे. तेव्हां त्याची नीट ओळख करून घेतलेली बरी. इंग्रजींत म्हणतात 'बिलो द बेल्ट'. मराठींत आपण म्हणतों 'कमरेखालचा वार'.

परवां माझ्या नातवानें वर्तमानपत्र वाचतां वाचतां विचारलें, "आजोबा, कमरेखालीं वार केला म्हणून एवढा गहजब कां? आमच्या तालमींत तर वस्ताद आधीं पट काढायलाच शिकवतात." प्रश्न रास्त होता. आपल्याकडील जत्रांतून कुस्त्यांची दंगल ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे कीं, पायाला हात घालून प्रतिपक्ष्याला खालीं आणणें हा कुस्तींतला मान्य डाव आहे. एकेरी पट, दुहेरी पट अशीं त्याचीं नांवेंहि आहेत. कमरेखालीं हात गेला म्हणून तेथें कोणी कुस्ती सोडवीत नाहीं.

मुष्टियुद्धाचा नियम निराळा आहे. इंग्लंडांत अठराव्या शतकांत ही झुंज उघड्या मुठींनीं होत असे आणि तींत फारसा धरबंध नसे. १७४३ सालीं जॅक ब्रॉटन नांवाच्या नामांकित मुष्टियोद्ध्यानें कांहीं नियम घालून दिले. खालीं पडलेल्यास मारूं नये, कमरेखालीं धरूं नये, हे त्यांतले मुख्य. पुढें १८३८ सालच्या लंडनच्या नियमांनीं कमरपट्ट्याखालचा ठोसा निषिद्ध ठरविला. १८६७ सालीं क्वीन्सबरीच्या मार्क्विसाच्या नांवानें जे नियम निघाले त्यांनीं हातमोजे आणि तीन मिनिटांची फेरी आणली. आजचें मुष्टियुद्ध मुख्यतः त्यांवरच उभें आहे. येथें पट्टा म्हणजे बेंबीच्या सुमारास कमरेभोंवतीं कल्पिलेली एक रेषा. तिच्या वर नाक फुटो कीं बरगडी दुखो, पंच हरकत घेत नाहीं. तिच्या खालीं ठोसा बसला तर तो झुंज थांबवितो, ताकीद देतो, गुण कापतो आणि प्रसंगीं मारणाऱ्याला बादहि करतो.

याचें प्रसिद्ध उदाहरण १२ जून १९३० चें आहे. वजनदार गटाच्या जगज्जेतेपदासाठीं न्यूयॉर्क येथें अमेरिकेचा जॅक शार्की आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांची गांठ पडली. शार्कीची सरशी होती. पण चौथ्या फेरींत त्याचा एक ठोसा रेषेखालीं गेला. पंचांनीं त्याला बाद ठरविलें, आणि जमिनीवर पडलेला श्मेलिंग जगज्जेता झाला!

श्रोतेहो, नियम इंग्रजांचा असला तरी ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. महाभारताच्या शल्यपर्वांत भीम आणि दुर्योधन यांचें गदायुद्ध आहे. गदायुद्धांत नाभीखालीं प्रहार करूं नये असा दंडक होता. सरळ लढून भीम जिंकेल असें दिसेना, तेव्हां अर्जुनानें आपल्या मांडीवर हात मारून खूण केली आणि भीमानें दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या. दोघांनाहि गदा शिकविणारा बलराम तेथें होता. तो नांगर उचलून भीमावर धांवला आणि श्रीकृष्णानें त्याला आवरलें. आतां भीमाची बाजू कांहीं लटकी नव्हती. भर सभेंत द्रौपदीला मांडी दाखविणारा हाच दुर्योधन, आणि ती मांडी फोडण्याची प्रतिज्ञा भीमानें तेथेंच केली होती. तरीहि व्यासांनीं बलरामाचा संताप ग्रंथांतून वगळला नाहीं. मागचा अन्याय खरा असला, तरी त्यामुळें रेषा जागची हलत नाहीं, एवढें त्यांनीं आपल्यासाठीं लिहून ठेवलें आहे.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तरहि यांतच आहे. दोष कमरेचा नाहीं. त्या त्या खेळांत दोघांनीं मिळून जी मर्यादा मान्य केली, ती मोडण्यांत दोष आहे. कुस्तींत ती मर्यादा एके ठिकाणीं, मुष्टियुद्धांत दुसऱ्या ठिकाणीं. बोलण्याचालण्यांतल्या भांडणांत मर्यादा अशी कीं, वाद ज्या गोष्टीचा आहे त्या गोष्टीवर बोलावें. माणसाचें कूळ, जात, आजारपण, व्यंग, दारिद्र्य, घरांतलें दुःख यांस हात घालूं नये.

हा शब्दप्रयोग मराठींत येतांना त्याच्या अर्थाची थोडी ओढाताण झाली आहे. 'कमरेखालचा विनोद' म्हटलें कीं आपण अश्लील विनोद समजतों. त्यावरून पुष्कळांना वाटतें कीं, कमरेखालचा वार म्हणजे कांहींतरी घाणेरडें बोलणें. तसें नाहीं. चार बायकांत, अगदीं गोड शब्दांत, "तुम्हांला काय कळणार म्हणा, तुम्हांला लेकरूं नाहीं," असें एखादीस म्हटलें, तर त्यांत अश्लील एक अक्षर नाहीं. आणि तरी याहून खालचा वार शोधून सांपडणार नाहीं.

दुसरी चूक हिच्या उलट आहे. वर्मीं लागलेला प्रत्येक शब्द आपण कमरेखालचा ठरवितों. संस्थेच्या सभेंत कोणी उठून "चिटणीसांच्या हिशेबांत दोनशे रुपयांची चूक आहे" असें म्हणाला, आणि चूक खरोखरच असली, तर चिटणीसांना तें कितीहि झोंबो, तो ठोसा छातीवरचा आहे, नियमांतला आहे. तेथें "हा कमरेखालचा वार" अशी ओरड करणें म्हणजे न लागतां लोळण घेणें होय. परंतु त्याच सभासदानें "चिटणीसांच्या मुलानें घर कां सोडलें तें आधीं सांगा" असें म्हटलें, तर हिशेब बाजूला राहिला आणि हात खालीं गेला. ठोसा किती जोराचा बसला हें पाहूं नये. तो कोठें बसला तें पाहावें.

येथवर मीं दुसऱ्यांचीं उदाहरणें दिलीं. एक माझें स्वतःचें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं.

फार वर्षांपूर्वीं जळगांव जिल्ह्यांतील एका शाळेंत मी नववीला इंग्रजी शिकवीत होतों. धडा वाचतांना मीं एक शब्द 'रिसीप्ट' असा उच्चारला. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून नम्रपणें म्हणाला, "सर, तो 'रिसीट' आहे. त्यांतल्या 'पी'चा उच्चार होत नाहीं." त्याचें खरें होतें. त्याचा बाप केळीच्या वखारींत हमाली करीत असे, हें मला ठाऊक होतें. मी म्हणालों, "ज्याचा बाप पावतीवर अंगठा उठवतो, तो मला रिसीप्ट शिकवणार!" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हां माझ्या तासाला हात वर केला नाहीं.

ज्या खानदेशांत साने गुरुजींनीं १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या मुलांना शिकविलें, त्याच खानदेशांतला मी मास्तर. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत 'रिसीट' असा शुद्ध उच्चार करून दाखविला आणि आपली चूक दुरुस्त केल्याचें समाधान मानलें. पण ती चूक दोहोंतली लहान होती. मोठीबद्दल मीं अवाक्षर काढलें नाहीं. मुद्द्यावर मी हरलों होतों, म्हणून माझा हात खालीं गेला होता. भीमाच्या गदेचेंहि तसेंच झालें होतें, आणि भीमाजवळ निदान प्रतिज्ञा होती, माझ्याजवळ तीहि नव्हती.

रिंगणांत पंच उभा असतो. वर्गांत, स्वयंपाकघरांत, नवराबायकोच्या बोलण्यांत तो नसतो. आणि ज्याला लागतें तो बहुधा बोलत नाहीं. तेव्हां मारणाऱ्यानेंच पाहावें कीं, आपण ज्यावर बोट ठेवीत आहों तें या वादांतलें आहे काय? नसेल, तर जीभ आवरावी. आणि वार होऊनच गेला असेल, तर तो ज्यांच्यासमक्ष केला त्यांच्यासमक्षच क्षमा मागावी, आणि तीहि लवकर मागावी. तो मुलगा आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं.