द्राक्षगर्भात आईची खूण नव्हती

दिवस गेलेले, पोट महिन्यांच्या मानाने मोठं, उलट्या थांबत नाहीत आणि एके दिवशी रक्त जायला लागतं. सेनगावहून हिंगोलीला नेलं, सोनोग्राफी झाली, तर बाळ नाहीच. वारेच्या जागी पाणी भरलेल्या फोडांचे घोस. याला द्राक्षगर्भ म्हणतात. पिशवी साफ करून घरी आलेल्या बाईलाच मग विचारतात, ग्रहणात काही चिरलं होतंस का?

डॉक्टरांचीही नजर आधी आईवरच गेली होती. द्राक्षगर्भानंतर कधी कधी होणारा कॅन्सर गर्भाशयाच्या अस्तरातून, म्हणजे आईच्या पेशींतून उगवतो, असं १८८९ मध्ये जर्मनीतल्या माक्स झेंगर यांनी मांडलं. १८९५ मध्ये फेलिक्स मार्शां यांनी ते खोडलं. कॅन्सरच्या पेशी वारेच्या होत्या, गर्भाच्या बाजूच्या.

खरा धक्का १९७७ मध्ये बसला. जपानचे तादाशी काजी आणि कोसो ओहामा द्राक्षगर्भाची गुणसूत्रं तपासत होते. संख्या बिनचूक, ४६. मग बिघडलं कुठे? विशिष्ट रंग दिला की काही गुणसूत्रांवर माणसागणिक वेगळ्या खुणा उमटतात. आई, वडील आणि द्राक्षगर्भ, तिघांच्या खुणा त्यांनी ताडून पाहिल्या. आईची एकही सापडेना! सगळं बापाकडून आलेलं.

बीजांडातलं केंद्रक नाहीसं झालेलं असतं. शुक्राणू आत शिरतो, त्याची २३ गुणसूत्रं दुप्पट होतात. क्वचित दोन शुक्राणू शिरतात. यात नवऱ्याचाही दोष नाही, फलनाच्या क्षणीच झालेली ही गफलत आहे. पण नुसत्या बापाच्या गुणसूत्रांतून वारच का फोफावते? १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की बापाकडची जनुकं वारेच्या वाढीला जोर देतात. गर्भाचं शरीर घडायला आईचीही लागतात.

पिशवी साफ झाली तरी रक्तातलं एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशींतून येणारं संप्रेरक, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. ते उतरून तसंच टिकेपर्यंत डॉक्टर नवं गर्भारपण टाळायला सांगतात, आणि या फेऱ्या चुकवणं जिवावर बेतू शकतं. एचसीजी चढलंच आणि कॅन्सर निघाला, तर मेथोट्रेक्सेट आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने विकसित केलेल्या या औषधाने याच कॅन्सरच्या बायका बऱ्या होतात, हे १९५६ मध्ये मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अमेरिकेत दाखवून दिलं.