तिसऱ्या गिअरचे गुपित

अकोल्याहून वाशिमला जायचे तर पातूर सोडल्यावर रस्ता घाट चढू लागतो. खालचे सपाट काळे रान मागे पडते आणि डोंगरावरचे पठार सुरू होते. साध्या मोटारीतून जाणाऱ्याला हा घाट फारसा जाणवतही नाही. पण चाकांवर घर घेऊन निघालेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. आमच्या घरात दोन पलंग, एक शेगडी, शंभर लिटर पाण्याची टाकी, दोघांचे कपडे, औषधांचा डबा आणि हिने आग्रहाने घेतलेली लोणच्याची बरणी एवढा संसार होता. तो ओढणारी मिनीबस चोवीस वर्षांची आणि चालवणारा मी सदुसष्ट वर्षांचा.

दिवस ऑक्टोबरचे होते. घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा हलू लागला. मी ही बोलत होती तिकडे लक्ष असल्यासारखे दाखवत होतो, पण डोळे काट्यावर होते. घाट संपला आणि मेडशीच्या अलीकडे पुढच्या जाळीतून पांढरी वाफ वर आली. गाडी एका कडुनिंबाखाली घेतली, इंजिन बंद केले आणि फडके हातात घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघालो.

“हात लावू नका जी त्या झाकनाले! वाफ तोंडावर येईन!”

ट्रॅक्टर थांबवून एक शेतकरी ओरडत होता. त्याचे म्हणणे खरे होते आणि मला, तीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला, ते ठाऊक असायला हवे होते. रेडिएटरचे झाकण नुसते झाकण नसते. ते आतले पाणी दाबाखाली ठेवते. बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरण जादा दाब असेल तर पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. आम्ही पाऊण तास थांबलो. मग फडके टाकून झाकण थोडे थोडे सैल केले, इंजिन सुरू केले आणि ते चालू असतानाच बारीक धारेने पाणी ओतले. तापलेल्या, कोरड्या इंजिनात भसकन गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. तो खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

इथे थोडे मागे जायला हवे. ही गाडी घेण्याची कल्पना माझी, पण ती घ्यावी असे वाटायला लावणारी ही. हिची सारी नोकरी शाळेत गेली. प्राथमिक शिक्षिकेला सुट्ट्या भरपूर असतात असे लोक म्हणतात. हिच्या मात्र अकरा वर्षांच्या सुट्ट्या माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी गेल्या. तिने कधी शब्द काढला नाही. आई गेल्यावर एकदाच म्हणाली, “आता कुठे तरी जाऊ या. पण घर सोडून राहायची सवय मोडली हो माझी.” मग घरच बरोबर न्यायचे ठरले. शाळेची मुले ने-आण करून थकलेली मिनीबस स्वस्तात मिळाली. परवानगी काढून आसनांच्या जागी पलंग बसवले, कागदपत्रे रीतसर केली.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केंद्र सरकारने जुनी वाहने भंगारात काढण्याचेही धोरण आणले. पहिल्या धोरणाचे कात्रण माझ्या टेबलावर आहे, दुसऱ्याची आठवण मुलगा दर रविवारी फोनवर करून देतो. “बाबा, एकदा रस्त्यात अडकलात ना, की मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन.” हिनेही निघताना एवढेच सांगितले होते, की गाडीत काही कमी-जास्त असेल तर आधी सांगा, आपण नंतर जाऊ.

आणि मी सांगितले नव्हते.

दबकत दबकत मालेगाव गाठले. मालेगाव म्हणताच लोकांना नाशिकचे आठवते. हे वाशिम जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचे छप्पर, दोन ट्रॅक्टर, एक उघडा टेम्पो आणि निंबाखाली एक बाज असे गॅरेज होते. मिस्त्री पन्नाशीचा. मी रेडिएटरबद्दल सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले, पण बॉनेटकडे न जाता तो चालकाच्या दाराशी गेला. गिअरचा दांडा हलवून पाहिला आणि विचारले, “घाट कोन्या गिअरमंधी चढले?”

“दुसऱ्या.”

“सारा घाट? तिसरा काऊन नाई टाकला?”

“टाकला की निसटतो. न्यूट्रलला येतो.”

“कवापासून होऊन राह्यलं असं?”

ही मागेच उभी होती. खोटे बोलायला जागा नव्हती. “दोन महिने झाले,” मी म्हणालो.

तिने काही विचारले नाही. पर्स घेतली आणि बाजेवर जाऊन बसली. घाटातल्या वाफेपेक्षा मला त्या गप्प बसण्याचा चटका जास्त लागला.

मिस्त्री गाडीखाली सरकला आणि थोड्या वेळाने मलाही बोलावले. त्याच्या बॅटरीच्या उजेडात मी जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे, कारण जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळांच्या गाडीखाली ते असणार. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून शाफ्ट बाहेर पडतो, तिथले ऑईल सील गळत होते. ते तेल खालच्या रबरी उशीवर ठिबकत होते. मिस्त्री लोक या उशीला फाउंडेशन म्हणतात. तेलाने रबर फुगले, मऊ झाले आणि फाटले. गाडी सपाटीवर असेपर्यंत काही कळत नाही. चढावर इंजिनाने जोर लावला की बॉक्स जागचा हलतो आणि आधीच थोडा झिजलेला तिसरा गिअर निसटतो. तो निसटतो म्हणून मी दुसऱ्यात गाडी रेटत होतो. दुसऱ्यात इंजिन भरधाव फिरते, गाडी मात्र सायकलच्या वेगाने जाते; उष्णता भरपूर आणि जाळीवर येणारा वारा नाही. पाणी उकळले नसते तरच नवल.

“ताप काई बिमारी नसते साहेब,” मिस्त्री हात पुसत म्हणाला. “बिमारी दुसरीकडंच असते.”

त्याने बॉक्समधले तेल एका थाळीत काढले आणि दोन बोटांत चोळून उन्हात धरले. बोटांवर सोनेरी चकाकी आली. ती पितळेची पूड. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या कड्या पितळेच्या असतात, त्या झिजल्या की अशी पूड येते. लोखंडाचे तुकडे निघाले असते तर दाते तुटले असा अर्थ झाला असता. “पितळ हाय, लोखंड नाई. बॉक्स खोलाची अजून गरज नाई.” मग त्याने तेलाचा वास घेतला आणि विचारले की हे तेल कोणी भरले. मीच भरले होते. मागच्या ॲक्सलसाठी आणलेले उरले होते, जाड ते चांगले अशा समजुतीने तेच बॉक्समध्ये ओतले होते. ॲक्सलच्या तेलातली काही रसायने पितळेला मानवत नाहीत. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालायचे असते, हे मला एका मिस्त्रीने मालेगावात शिकवले.

आता रेडिएटर. तो काढल्यावर दिसले की बाहेरून त्याच्या पट्ट्यांमध्ये सोयाबीनचे कुटार ठासून भरले आहे. वाशिम, अकोला हा सोयाबीनचा मुलूख. मागचे दोन दिवस आम्ही बाळापूर-पातूरकडच्या शेतरस्त्यांनी फिरलो होतो. जागोजागी मळणीयंत्रे चालू, हवेत भुसा, काही ठिकाणी रस्त्यावरच पीक वाळत घातलेले. हिने त्याचे फोटो काढले आणि रेडिएटरने ते कुटार गोळा केले. पण नुसत्या कुटाराने इतके होत नाही, आतही पाहायला हवे, असे मिस्त्रीचे मत पडले. आतले काम वाशिमला.

तेव्हा मिस्त्रीच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला रेडिएटर घेऊन मी वाशिममध्ये शिरलो. हे शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १ जुलै १९९८ पासून ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. ही हकीकत हिला सांगत सांगत यायचे असे मी ठरवले होते. प्रत्यक्षात माझ्या पँटवर गंजके पाणी ठिबकत होते आणि शहराचा इतिहास ऐकायला कोणी नव्हते.

रेडिएटरवाले चाचा सत्तरीचे असतील. दिव्याच्या ज्योतीने त्यांनी वरच्या टाकीचा जुना डाग वितळवला आणि टाकी अलगद उचलली. आत चपट्या नळ्यांची ओळ होती आणि निम्म्या नळ्यांची तोंडे पांढरट-तपकिरी खाराने बुजली होती. बोअरच्या जड पाण्याचा हा प्रताप. दोन वर्षे जिथे थांबलो तिथल्या बोअरचे पाणी मी बिनदिक्कत ओतले होते. कालव्यांतला गाळ मोजण्यात माझा जन्म गेला आणि माझ्याच गाडीतल्या कालव्यांत गाळ साचत होता.

चाचांनी लांब पातळ पट्टी एकेका नळीतून वरून खाली घातली. याला राडिंग म्हणतात. दोन तास ते काम चालले. मग टाकी पुन्हा झाळली, तोंडे बंद केली, रेडिएटर हौदात बुडवला आणि आत हवा भरली. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे कथलाचा डाग पडला. दुसऱ्या वेळी पाणी शांत राहिले.

“तांबं-पितळ हाय म्हनून डाग बसते,” चाचा म्हणाले. “नवीनवाले ॲल्युमिनियमचे, वरून पिलाष्टिकची टाकी. फुटली का फेका.” त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. मी विचारलेही नाही, त्यांनीच सांगितले. नवा रेडिएटर हलका असतो, स्वस्त असतो, त्यात गैर काही नाही. पण तो दुरुस्त करणारा हात लागत नाही, म्हणून तो हात पुढे कोणी तयारही करत नाही. आमच्यासारख्या जुन्या गाड्या जोवर रस्त्यावर आहेत तोवर ही दुकाने, आणि ही दुकाने आहेत तोवर आमच्या गाड्या.

मी परतलो तेव्हा अंधार पडला होता. गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती. वर माणूस नको म्हणून मिस्त्रीने हिला खालीच थांबवले होते. त्याच्या घरून भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आला होता. आमचे घरच दवाखान्यात आणि आम्ही व्हरांड्यात, अशी अवस्था. जेवताना ही पहिल्यांदा बोलली.

“दोन महिने का नाही सांगितलं?”

“तू आली नसतीस.”

“आले नसते. दुरुस्त करून घेऊ म्हटलं असतं, मग आले असते.” थोड्या वेळाने म्हणाली, “आईंच्या वेळी डॉक्टर जे सांगायचे ते तुम्ही असंच पोटात ठेवायचात. मला काळजी नको म्हणून. मी रात्रभर जागीच असायचे हो. काय झालंय ते माहीत नसताना जागणं फार वाईट.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिसरा गिअर दोन महिन्यांपासून निसटत असेल. माझी ही सवय त्याच्यापेक्षा फार जुनी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवे सील, नवे फाउंडेशन, योग्य तेल, धुतलेला रेडिएटर, निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी असे सगळे बसले. एकूण खर्च सहा हजारांच्या आत. मिस्त्रीने निघताना बजावले की जाळी दर आठवड्याला मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. काटा निम्म्यावर गेला की थांबा. आणि बॉक्स वर्षभरात एकदा उघडावा लागेल, तो विसरू नका. हे तिसरे त्याने माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे पाहून सांगितले.

आम्ही शेलूबाजार, मंगरूळपीर, मानोरा करीत पोहरादेवीला निघालो. बंजारा समाजाची ही काशी; संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून बंजारा वारशाचे संग्रहालयही. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडेच्या तांडे देशभर फिरत, तेव्हा चालते घर ही काही हौस नव्हती. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि तो व्यापार मोडला. लंगडणारा बैल तांड्यात कोणी लपवून ठेवत असेल असे मला वाटत नाही. लपवून चालणारच नाही, सगळ्यांनाच त्याच्या चालीने चालायचे असते.

मानोऱ्याच्या पुढे चढ लागला. मी तिसरा टाकला आणि हात दांड्यावरून काढून घेतला. काटा जागच्या जागी होता. हिने पर्समधून शाळेतली असावी अशी जुनी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव लिहून झाले होते.

“तिसरा टिकला?” तिने विचारले.

“टिकला. पण वळणावर एकदा थरथरला.”

तिने ते लिहून घेतले.