थिरथिरा आला नाही

यंदा धुळ्याच्या देवपुरातील आमच्या घरासमोरचा कडुनिंब आणि त्याखालची दगडी कुंपणभिंत रस्तारुंदीच्या कामात गेली, आणि ऐन थंडीत गोधडी पांघरून ओट्यावर बसण्याचा माझा पस्तीस हिवाळ्यांचा परिपाठ मोडला.

त्याआधीची वर्षे बदल्यांत आणि दप्तरांच्या गठ्ठ्यांत गेली; त्यांविषयी सांगण्याजोगे काही नाही. परंतु १९९० ते २००० हे दशक विसरता येत नाही. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मी कचेरीत किरकोळ रजेचा अर्ज पाठवी. पांझरेकडून बोचरा वारा येई, अंगणात पऱ्हाट्यांची शेकोटी पेटे, तिच्या आरात भरिताची वांगी भाजत, आणि दुपारी कळण्याच्या भाकरीचा घास तोंडात असतानाही दृष्टी त्या भिंतीवरच असे. त्याच थंडीत रावेर-यावलचे शेतकरी केळी वाचविण्यासाठी बांधावर धूर करून रात्री जागवीत, हे ठाऊक असल्यामुळे त्या सुखाला थोडी बोचणीही होती.

शेवग्याच्या फुलांत शिंजीर, पाचोळ्यात सातभाईंचा कलह. मात्र भिंतीचा मालक थिरथिरा. अंगाने काळा, पोटाशी विटकरी, कबुतराच्या पिल्लाएवढाही नव्हे. शेपटी सतत थरथरवीत बसे, एकदम मातीवर उतरून मुंगळा टिपी आणि पुन्हा त्याच दगडावर येई. खानदेशात बर्फ पडत नाही. फार तर सातपुड्यात तोरणमाळ-डाबच्या बाजूला गवतावरचे दव गोठते. पण हिमालयापलीकडचा हिवाळा टाळून आलेला हा अतिथी समोर बसला की बर्फाळ मुलखाची निःशब्दता आपल्या ओट्यावर उतरली, असे मला वाटे.

त्याच दशकात, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या शहाद्याच्या परिसरात, रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा पक्षी पुन्हा सापडला. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता. मेनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अंमलदाराने जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची खोटी नोंद चढविली होती, आणि त्या लबाडीने शोधकांना कित्येक वर्षे भलत्याच ठिकाणी फिरविले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद खोटी ठरविली आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग धरीत सहकाऱ्यांसह त्या शहाद्याला पोहोचल्या. या शोधाचा आनंद मला आजही आहे. तथापि तेव्हापासून आमच्याकडे पक्षी म्हणजे दुर्मिळ पक्षी, आणि तो पाहणे म्हणजे मोटार घेऊन रानात जाणे, अशी समजूत रूढ झाली, ती मला मान्य नाही. दारातल्या पक्ष्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणूनच त्याचे बसण्याचे दगड उचलले जात असताना कोणाला काही वाटले नाही. मी अर्ज दिला होता. त्याचे उत्तर आले नाही.

आता समोर डांबर आहे, अंगणात सिमेंटचे ठोकळे आहेत, आणि दिवसभर मोटारींचे कर्णे वाजतात. ऑक्टोबरअखेरीपासून मी वाट पाहिली; पौष लागला तरी थिरथिरा आला नाही. धुळे-जळगावात ज्यांच्या घराला अजून जुने दगडी कुंपण आहे आणि त्याच्या पायथ्याशी हातभर उघडी माती आहे, त्यांना माझी विनंती एवढीच की, निदान चैत्र लागेपर्यंत ती फरशीखाली घालू नका. तोवर तो याच मुलखात असतो.