भक्तीतला विनोद : भारुडापासून गिटारीपर्यंत

सर्व मासांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती आहे, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. गुरुवारची महालक्ष्मीची पूजा, गुरुचरित्राचे सप्ताह, पौर्णिमेची दत्तजयंती अशा मंगल आचारांनी हा महिना भरून जातो. ख्रिस्ती बांधवांचा नाताळही पुष्कळदा याच महिन्यात येतो. २०२३ साली तर २५ डिसेंबरला नाताळ आणि २६ डिसेंबरला दत्तजयंती असा योग आला होता. या पानाचे वाचक भाविक हिंदू घरांतील आहेत हे आम्ही जाणतो. तथापि आज आम्ही त्यांस शेजारच्या घरातील भजनाविषयी चार शब्द सांगणार आहोत. भिंतीपलीकडचे सूर कानी येतातच. ते कोणत्या रागातले आहेत हे समजून घेण्यात आपल्या देवाचा काही उपमर्द होत नाही.

वसई-विरार भागातील राजोडी हे गाव समुद्रकाठी वसले आहे. केळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या, माडांची रांग, पलीकडे लाटा. जवळच निर्मळ आहे. तेथे शंकराचार्यांची समाधी मानली जाते आणि कार्तिक वद्य एकादशीपासून तेथील यात्रा भरते. त्याच निर्मळमध्ये ख्रिस्ती मंदिरही आहे, आणि यात्रेच्या बाजारात दोन्ही धर्मांची माणसे खांद्याला खांदा लावून चालतात. या परगण्यावर सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि तो अंमल संपला. राज्य गेले, पण येथील ख्रिस्ती शेतकरी येथेच राहिला, कारण तो मुळातच येथला होता. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी असेही म्हणतात, घरात आपली सामवेदी बोली बोलतात. तिलाच कादोडी असे दुसरे नाव आहे.

या भागात कीर्तनासाठी आमचे जाणे होते. अशाच एका मुक्कामात राजोडीच्या एका ख्रिस्ती तरुणाने आम्हांस विचारले, "बुवा, तुम्ही कीर्तनात लोकांना हसवता. देवाच्या गाण्यात विनोद चालतो का?" आम्ही म्हटले, "बाळा, चालतो म्हणून काय विचारतोस? नाथबाबांना विचार!" तेव्हा त्याने आपल्या मोबाइलवर आम्हांस 'रिलायंट के' नावाच्या एका अमेरिकन बँडची गाणी ऐकविली, आणि इंग्रजी शब्दांचा अर्थ एकेक करून सांगितला. ड्रम आणि विजेची गिटार यांचा तो कल्लोळ आमच्या कानांस सुखाचा नव्हता, हे स्पष्टच सांगतो. परंतु शब्द ऐकू लागलो तेव्हा आमच्यातला कीर्तनकार सावरून बसला.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन नावाचे शहर आहे. तेथील शाळकरी मित्रांनी १९९८ साली हा बँड काढला. मॅट थीसेन हा त्यांचा मुख्य गायक व गीतकार. बँडचे नाव पडले ते गिटार वाजविणाऱ्या मित्राच्या, मॅट हूप्सच्या, मोटारीवरून. देवाची गाणी गाणाऱ्यांनी मोटारीचे नाव धारण करावे, यातच त्यांची वृत्ती दिसते. २००० साली त्यांचा पहिला अल्बम निघाला. त्यातील चेष्टा पोरवयाची आहे. पुढे २००३ च्या अल्बमचे नावच त्यांनी असे ठेवले, की दोन 'लेफ्ट' मिळून एक 'राइट' होत नाही, परंतु तीन मिळून होते. इंग्रजीत 'राइट' म्हणजे उजवा आणि 'राइट' म्हणजे योग्य. दोन चुकांनी एक बरोबर होत नाही अशी त्यांच्याकडील म्हण आहे. पण चौकात तीनदा डावीकडे वळणारा मनुष्य अखेर उजव्या दिशेसच जातो! हा सरळ सरळ श्लेष आहे. आपल्या संस्कृतातही 'दक्षिण' म्हणजे उजवा आणि सरळ वृत्तीचा, तर 'वाम' म्हणजे डावा आणि प्रतिकूल. गंमत अशी, की 'वाम' याचा आणखी एक अर्थ सुंदर असाही आहे. हा दुसरा श्लेष त्या मुलांना कोणी सांगितला असता तर त्यांनी त्यावर एक गाणे नक्कीच रचले असते.

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यम, अपहसित आणि अतिहसित अधम. या बँडचा प्रवास आम्हांस या पायऱ्यांवरूनच झालेला दिसतो, मात्र उलट्या क्रमाने. आरंभी अतिहसित, दंगा. २००४ च्या अल्बमात पियानो पुढे येतो, आवाज खोल होतो. त्यातील एका गाण्याच्या नावाचाच भाव असा, की आज मी जो आहे त्याला काल मी जो होतो त्याचा तिटकारा वाटतो. येथे विनोद दुसऱ्यावरून स्वतःवर वळला. भक्तीच्या काव्यात ही वळणाची जागा फार महत्त्वाची असते. जगाची खोडी काढणारा कवी आणि स्वतःची खोडी काढणारा कवी यांत पुष्कळ अंतर आहे.

२००७ च्या त्यांच्या पाचव्या अल्बममध्ये 'डेथबेड', म्हणजे मृत्युशय्या, नावाचे अकरा मिनिटांचे एक गाणे आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाच्या दारी आलेला एक मनुष्य आपले आयुष्य सांगतो. व्यसने, मोडलेला संसार, वाया गेलेली वर्षे. सांगताना तो मध्येच हसवतो. अखेर ख्रिस्ताचा आवाज त्यास हाक मारतो, आणि तो आवाज स्विचफुट या दुसऱ्या बँडच्या जॉन फोरमन या गायकाने दिला आहे. श्रोतेहो, हे गाणे नव्हे, हे आख्यान आहे! भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा आम्ही वर्षानुवर्षे उत्तररंगात लावीत आलो. जन्मभर वाट चुकलेला, मरणसमयी पोराला हाक मारण्याच्या निमित्ताने नारायणाचे नाव घेतलेला तो ब्राह्मण. श्रोत्यांस आधी हसवावे, हसता हसता त्यांच्या मनाचे दार उघडावे आणि मग आत करुणरस सोडावा, ही कीर्तनाची जुनीच युक्ती आहे.

या ख्रिस्ती रॉकचे मूळही एका श्लेषातच आहे म्हणा ना. १९६९ साली लॅरी नॉर्मन या गायकाने जो अल्बम काढला त्याच्या नावाचा अर्थ 'या खडकावर' असा होतो. इंग्रजीत 'रॉक' म्हणजे खडक आणि 'रॉक' म्हणजे ते संगीत. परंतु हा शब्द त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानातून घेतला. तेथे स्वतः ख्रिस्त पेत्र या शिष्याच्या नावावर कोटी करतो, कारण पेत्र याचा अर्थच खडक. उंट सुईच्या नेढ्यातून जाण्याची त्याची उपमा किंवा दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यातील मुसळाची गोष्ट, ही ऐकून पहिल्या श्रोत्यांच्या ओठांवर स्मित उमटले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

आता आपल्या नाथांकडे या. भारुडातील विंचू चावलेला मनुष्य रंगमंचावर लोळण घेतो तेव्हा गावची मुले खदखदून हसतात, आणि तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे त्यांना घरी जाताना समजते. भवानीआईला नवस करणारी सून सासरच्या एकेकाचे वाईट चिंतिते आणि बायका पदराआड हसतात, पण अंती ती जे एकटेपण मागते ते अद्वैताचे असते. नाथमहाराज १५९९ साली समाधिस्थ झाले. त्याच्या वीस वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. त्याने मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते रोमन लिपीत छापून निघाले. स्वर्गास 'वैकुंठ' म्हणावयास त्याला संकोच वाटला नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले. ज्या राज्याच्या छायेत ओवी फुलली, त्याच राज्याने तिच्या मुळावर घाव घातला.

ती ओवी पुन्हा उभी राहिली देशावर, नगरच्या भागात. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचे कृष्णराव सांगळे हातात चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन करीत. इंग्रजी चालीवरचे भाषांतरित स्तोत्र खेड्यातील मनुष्यास परके वाटे, कीर्तन मात्र त्याच्या कानास ओळखीचे. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या वेळी आपल्या समाजास किती दुःख झाले ते आजही जुन्या घरांत सांगितले जाते, आणि ते दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक स्वतः सांगत. १९१९ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक भक्तिगीते मराठीस दिली होती. ख्रिस्तास ते माउली म्हणत. त्या एका शब्दात आळंदीपासूनचा सारा रस्ता आहे.

टिळकांच्या गीतांत करुण आहे, वात्सल्य आहे, शांत आहे. हास्य मात्र क्वचित. ते हास्य लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांस सांगावयास नको. सोवळ्या-ओवळ्याच्या आपल्याच कल्पनांकडे, पतीच्या विसरभोळ्या दातृत्वाकडे, दोन धर्मांच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या स्वतःच्या पावलांकडे ही माउली अशा स्मिताने पाहते की भरतमुनींनीही त्यास उत्तम म्हटले असते. पण ते गद्य झाले. गाण्यातील जागा रिकामीच राहिली.

वसईत ही मराठीची वाट अधिक रुंद झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६२ ते १९६५ या काळातील त्या परिषदेने देशी भाषांतील उपासनेस मोकळीक दिली आणि लॅटिनच्या जागी वसईच्या देवळांत मराठी घुमू लागली. भुईगावचे थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आणि १९९८ साली ते वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले. राजोडीच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले. बायबल सोप्या मराठीत आणण्याचे त्यांचे कार्य आमच्या संग्रही आहे, आणि कोठे कोठे त्यातील वाक्यरचना आमच्या निरूपणास उपयोगी पडली आहे हे सांगण्यास आम्हांस लाज नाही.

हे सर्व आम्ही त्या तरुणास सांगितले. त्याने विचारले, "मग आम्ही गिटारीवर मराठीत गायलो तर ते कीर्तन होईल का?" आम्ही म्हणालो, वाद्याने कीर्तन होत नाही आणि मोडतही नाही. आज आमच्या साथीस असलेली पेटी युरोपातून आली आणि आज तिच्यावाचून कीर्तन सुने वाटते. अडचण दुसरीच आहे. स्तोत्राचे भाषांतर होते, विनोदाचे होत नाही. ओहायोच्या मुलांचा श्लेष इंग्रजीचाच राहणार. राजोडीच्या मुलाला देवाशी थट्टा करावयाची असेल तर ती त्याला त्याच बोलीत करावी लागेल, ज्या बोलीत त्याची आजी वाडीतून परतताना त्याच्यावर ओरडते. तीच बोली आज इंग्रजी शाळेच्या फाटकाबाहेर उभी आहे. कादोडीत रागावणारी आजी पुष्कळ घरांत अजून आहे, पण कादोडीत कोटी करणारा नातू दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे.

येथे आपणही आपल्या अंगणाकडे पाहावे. आमच्या काही तरुण कीर्तनकारांच्या निरूपणात अलीकडे जे विनोद ऐकू येतात ते मोबाइलवर फिरणारे चुटके असतात. त्यांस ना गाव, ना देव. नाथांचा विंचू अंगात विष घेऊन येई आणि सत्त्वगुणाचा उतारा घेऊन जाई. चुटक्यातला विंचू नुसताच गुदगुल्या करतो. श्रोता हसतो, पण घरी काही नेत नाही. मुलांस कीर्तनास आणा म्हणून आम्ही पालकांस सांगतो. ती येतातही, आणि मग चुटका संपला की मोबाइल काढतात. दोष त्यांचा नाही.

निघण्यापूर्वी आम्ही त्या तरुणास भारुडाची रचना समजावून दिली. पात्र कसे उभे करावे, रूपक कोठपर्यंत झाकावे, कोठे उघडावे आणि हशा ओसरण्यापूर्वी ध्रुवपद कसे उचलावे हे सांगितले. त्याने विचारले, विंचवाच्या जागी काय घेऊ? आम्ही म्हटले, तुझ्या गावात जे चावते ते घे. तो क्षणभर विचारात पडला, मग समुद्राकडे बोट दाखवून आपल्या बोलीत एक शब्द बोलला. तो कोणत्या जिवाचे नाव होता ते आम्हांस कळले नाही, पण शेजारी जाळे विणीत बसलेली म्हातारी खुदकन हसली.