दोरी फेका, पण कशी?

समता कॉलनीतून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी परवा आमच्या गच्चीवर एक जहाज फुटलं! शेजारच्या पोरांनी पालथ्या बादलीला खडक केलं, टोपल्याला जहाज, आणि त्यात बसवला कापसाचा खलाशी. मग मला हाक मारली, "मावशी, ह्याला वाचवायचा कसा?"

"दोरी फेका की!"

तुम्हीही फेकून बघा. नुसती सुतळी पंधरा फुटांवर भिरकावलीत, तर ती जेमतेम चार फूट जाते आणि गपकन पडते. आता जुन्या मोज्यात बटाटा घालून त्याला सुतळी बांधा. बटाटा स्वतःबरोबर सुतळीलाही ओढत नेतो. पण तिचं भेंडोळं करून ठेवलं असेल, तर मध्येच गुंता होतो आणि बटाटा धपकन खाली. म्हणून सुतळी आधी नागमोडी अंथरायची. मग बघा, कशी सुळकन जाते!

इंग्लंडमधल्या जॉर्ज मॅन्बीनेही हेच कोडं सोडवलं. 1807 साली त्याच्या डोळ्यांदेखत 'स्नाइप' नावाचं जहाज किनाऱ्याजवळच फुटलं. लाटा इतक्या उसळत होत्या, की होडी घालता येईना. माणसं बुडत होती आणि काठावरचे लोक नुसते बघत होते. ते त्याच्या मनातून जाईना. त्याने छोट्या तोफेच्या गोळ्याला दोरी बांधली. पण बार उडाला की झटक्याने दोरी तुटायची, साखळीही तुटायची. शेवटी गोळ्याजवळ त्याने कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घातली. ती टिकली! 1808 मध्ये 'एलिझाबेथ' जहाजावरचे सात जण त्या दोरीमुळे वाचले.

पुढे तर गंमतच झाली. बारीक दोरीमागून जाड दोर जहाजावर ओढून घ्यायचा, डोलकाठीला बांधायचा आणि त्यावरून एक तरंगती कडी सरकवायची. त्या कडीला चक्क जाड कापडाची चड्डी शिवलेली! खलाशी तिच्यात पाय घालून बसायचा आणि लोंबकळत किनाऱ्यावर यायचा.

पण किनारा दिसतच नसेल तर? मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-305' हा तराफा बुडाला. त्यावर 261 माणसं होती. 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौका तशा वादळात धावून गेल्या. लाइफ जॅकेट घालून तासन्‌तास लाटांवर तरंगणाऱ्या माणसांना नौसैनिकांनी शोधून शोधून वर घेतलं. 186 जण वाचले. बाकीचे 75 जण परतले नाहीत. त्यांची आठवण आली की मला आजही गलबलून येतं.

एवढ्या दूर तोफेची दोरी पोचत नाही. तिथे हाक पोचावी लागते. त्यासाठी इस्रोने मासेमारी नौकांकरता एक यंत्र केलं, 'डॅट'. संकटात बटण दाबलं की नाव कोणती आणि कुठे आहे, हे उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राला कळतं आणि तिथून तटरक्षक दलाला. हे यंत्र 2010 पासून वापरात आहे. पण आधी निरोप एकाच बाजूने जायचा. बिचाऱ्या नाखव्याला कळणार कसं, की आपली हाक कुणी ऐकली? नव्या डॅटवर उलट निरोपही येतो: मदत निघाली आहे! मला तर सगळ्या यंत्रात हेच सगळ्यात आवडलं. अंधारात, लाटांत, नुसतं एवढं कळलं तरी माणूस आणखी थोडा वेळ धीर धरतो.

पोरांनी हे ऐकलं आणि टोपल्यातल्या खलाशाच्या मांडीवर लगेच एक बटण चिकटवलं. माझ्या जुन्या स्वेटरचं, लाल.